पट कोणाचा?

३० सप्टेंबर ही तारीख जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत काम करणाऱ्या माणसाला पाठ असते. त्या दिवशी हजेरीपटावर जितकी नावे असतात त्यावर संचमान्यता होते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदे ठरतात आणि एखाद्या मुलाच्या फरकाने एखादा शिक्षक अतिरिक्त ठरून समायोजनाच्या यादीत जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार. म्हणजे एकसष्टावे मूल शाळेला तिसरा शिक्षक मिळवून देते, आणि ते गावातून गेले की शिक्षकही जातो. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून हे हिशेब करण्यात माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला. त्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. आपण पटाचा आकडा फार काटेकोरपणे मोजतो, पण तो पट कोणाचा आहे याची विचारपूस करत नाही. ती केल्याशिवाय शाळेला शिक्षक किती द्यायचे आणि शाळा ठेवायची की मिटवायची हे ठरवणे म्हणजे ज्या मुलांना शाळेची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यावरच अन्याय करणे आहे.

पट कोणाचा हे कळायला वेगळे सर्वेक्षण लागत नाही. प्रत्येक शाळेच्या लोखंडी कपाटात जनरल रजिस्टर असते. मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि शेरा, असे त्याचे रकाने. कोणाला आजोबांची जातीची नोंद हवी असते, कोणाला जन्मतारखेचा उतारा, त्यामुळे जुनी पाने सतत उलटावी लागतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या पानावर एकाखाली एक नावे वाचली की सारे गाव त्यात दिसते. पाटलाचा मुलगा, किराणा दुकानदाराचा मुलगा, तलाठ्याची मुलगी, गुरुजींची स्वतःची मुले आणि त्यांच्याच खाली सालगड्याचा मुलगा. तो काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. त्याच पानांवर मुली कमी आहेत आणि भटक्या-विमुक्तांच्या, आदिवासींच्या मुलांची नावे दुसरी-तिसरीतच संपतात. पण ज्यांचा शब्द ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत चालायचा त्यांची मुले त्या पटावर होती, आणि छप्पर गळले तर त्याची बोंब कोणी मारायची हा प्रश्न शाळेला पडत नव्हता. आजचे पान वेगळे आहे. शेतमजूर, ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरचे, बांधकामावरचे, पालावर राहणारे, रेशनच्या धान्यावर घर चालणारे यांची मुले पटावर मोठ्या संख्येने आहेत. शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना तर आरसाच आहे. त्यात एकीकडे ‘पालकांची इच्छा’ असते आणि दुसरीकडे ‘पालकांसोबत स्थलांतर’. पहिले कारण परवडते म्हणून शाळा सोडणाऱ्यांचे, दुसरे परवडत नाही म्हणून गाव सोडणाऱ्यांचे.

पट घटण्याची कारणे मोजताना ही दोन टोके एकत्र कालवली जातात. एक कारण निर्विवाद आहे. मुलेच कमी जन्मतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर २००५-०६ मध्ये २.१ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. वाड्या-वस्त्यांवरची कर्ती माणसे शहराकडे गेली हेही खरेच. पण जन्मदराने पट सगळ्या घरांतून सारखाच कमी व्हायला हवा होता. तो तसा झाला नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावी आणि मोठ्या रस्त्यालगत इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांच्या पिवळ्या गाड्या वस्तीपर्यंत येऊ लागल्या, आणि ज्या घरात महिन्याला नक्की पैसा येतो ती घरे त्या गाडीत मुले बसवू लागली. तेही सगळी मुले नव्हे. भाऊ गाडीने इंग्रजी शाळेत आणि बहीण चालत मराठी शाळेत, हे चित्र इतके सर्रास आहे की त्याची आता कोणाला दखलही घ्यावीशी वाटत नाही. वर्गात मुलींची संख्या वाढलेली दिसली की आम्ही अहवालात आनंदाने लिहितो. त्या वाढीचा एक भाग घरातल्या या वाटणीचा आहे. कोविडच्या काळात याचा देशभर पडताळा आला. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागात ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, २०२२ मध्ये ते ७२.९ वर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ वर उतरले. एवढ्या थोड्या वर्षांत सरकारी शाळा आधी चांगल्या होऊन मग वाईट झाल्या असे कोणी म्हणणार नाही. घरातला पैसा आटला तेव्हा मुले आली, पैसा फिरू लागला तेव्हा गेली. पटाचा आकडा शाळेच्या कामाइतकाच पालकांच्या कमाईचाही हिशेब सांगतो.

आता पटावर जी मुले आहेत त्यांना शिकवण्याचे काम काय असते ते पाहू. घरी पुस्तक नाही, अभ्यासाला बसवणारे कोणी नाही, आई-वडील पहाटे कामाला जातात. हे तर सगळीकडचे. त्यात मेळघाटात मूल कोरकू बोलत येते, सातपुड्यात पावरी किंवा भिली, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, तांड्यावर गोरमाटी. पाठ्यपुस्तकातली मराठी या मुलांना पहिल्या दिवशी परकी असते. पहिलीचे वर्ष भाषेचा पूल बांधण्यातच जाते. शिवाय विशेष गरजा असलेली मुले आहेत. खासगी शाळा त्यांना कागदावर नाही म्हणत नाही, ‘तुमच्या मुलाला आमच्याकडे जमणार नाही’ असे गोड बोलून परत पाठवते. मग ती आमच्याकडे येतात आणि यायलाच हवीत. त्यांच्यासाठीचा विशेष शिक्षक अनेक शाळांमध्ये मिळून एक असतो, रोजचे शिकवणे वर्गशिक्षकाकडे. अशा वर्गातली वीस मुले आणि घरी शिकवणी लावलेली वीस मुले यांना लागणारी मेहनत एक नाही. पण संचमान्यतेत दोन्ही वीस सारखेच.

स्थलांतराचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. बीड, जालना, अहिल्यानगरचा पूर्व भाग, धाराशिव, जळगाव, नंदुरबार इथून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जाणारी कुटुंबे निघतात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. ३० सप्टेंबरला त्यांची मुले मूळ गावच्या पटावर असतात. नोव्हेंबरात वर्गातली निम्मी बाके रिकामी होतात. आजी-आजोबांकडे मुले ठेवता यावीत म्हणून शाळेतर्फे हंगामी वसतिगृह चालवायचे असते. त्याचे प्रस्ताव, मंजुरी आणि अनुदान यांचा मेळ बसेपर्यंत काही ट्रॅक्टर निघून गेलेले असतात. इकडे सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यात कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत ही मुले नोव्हेंबरात येतात. काही काळ साखरशाळांनी हे काम केले, नंतर शेजारच्या नियमित शाळेनेच ती सामावून घ्यावीत असे धोरण आले. पण त्या शाळेची संचमान्यता दोन महिन्यांपूर्वीच्या पटावर होऊन गेलेली असते. म्हणजे मुलाच्या मूळ गावी पद आहे आणि मूल नाही, फडाजवळ मूल आहे आणि पद नाही. एप्रिलमध्ये ही मुले परत येतात तेव्हा वार्षिक मूल्यमापन तोंडावर असते आणि शिक्षकाने भरायचे असते सहा महिन्यांचे अंतर. सलग ३० दिवस गैरहजर मूल शाळाबाह्य धरायचे असा नियम आहे. पण कायदा कोणाचे नाव कापू देत नाही, आणि देऊही नये. म्हणून ते नाव हजेरीत राहते, गैरहजेरीच्या खुणांसह, आणि बाहेरून तपासणीला आलेल्या माणसाला ती शाळेची हलगर्जी वाटते.

याच्या जोडीला आधार कार्डाचा प्रश्न आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते, आणि ते अतिशय शहाणपणाचे कलम आहे. पालावर जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला कुठून यायचा? शाळा त्याला दाखल करून घेते, पुस्तके देते, खिचडी देते. पण संचमान्यता मात्र आधार वैध असलेल्या मुलांच्या संख्येवर बेतलेली आहे. नावात एका वेलांटीचा फरक, जन्मतारखेत वर्षाचा फरक, ठसे न उमटणे, यातल्या कशानेही आधार अवैध ठरते. दुरुस्तीसाठी तालुक्याला जायचे म्हणजे बापाची एका दिवसाची मजुरी बुडते आणि काम एका फेरीत पुरे होईल याची खात्री नसते. अशी नोंद सर्वांत जास्त कोणाची अडते हे सांगायला नको. ज्या शाळेने पालावर जाऊन मुले आणली तिचा हजेरीपट मोठा आणि मान्य पट लहान, असे होते. जी शाळा पालाकडे फिरकलीच नाही तिचे काही बिघडत नाही.

पट कोणाचा याची माहिती शासनाकडे नाही असेही नाही. लाभ वाटताना ती बारकाईने पाहिली जाते. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता १९९२ पासून आहे. तो रुपया इतक्या वर्षांत रुपयाच राहिला, हे जाता जाता नोंदवतो. मोफत गणवेश बरीच वर्षे सर्व मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना होता. उरलेली मोजकी मुले वर्गात जुन्या कपड्यांत बसत, आणि त्यांच्या घरची स्थितीही शेजारच्यापेक्षा फार वेगळी नसे. २०२३ मध्ये राज्याने तो सर्वांना लागू केला ते उत्तम झाले. मुद्दा असा की जात, उत्पन्न, मुलगा-मुलगी, दिव्यांगत्व या सगळ्याचे रकाने दरवर्षी यू-डायस या शासनाच्या माहितीप्रणालीत आम्हीच भरतो. गणवेशाचा कपडा मोजताना हे रकाने उघडतात. शिक्षक मोजताना ते बंद होतात. माझे म्हणणे एवढेच की शिक्षक मोजतानाही ते उघडावेत.

याला पहिला आक्षेप येतो तो लहान शाळांचा. २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा राज्यात आहेत असे २०२३ मध्ये शासनाच्याच माहितीतून पुढे आले, आणि त्यांच्या जागी समूह शाळा उभाराव्यात असा विचार सुरू झाला. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुण्याजवळचे पानशेत ही नमुन्याची उदाहरणे दिली गेली. त्याआधी २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय गाजला होता. आठ मुलांची शाळा चालवणे मुलांच्याही हिताचे नाही, खेळायला संघ होत नाही, स्पर्धा नाही, चार इयत्ता एका खोलीत बसतात, असे म्हणणारे लोक मुलांचे वैरी नाहीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. डांबरी रस्त्याने जोडलेल्या, एकाच गावातल्या दोन लहान शाळा एकत्र केल्या तर कोणाचे नुकसान होणार नाही. पण आकडा आठ आहे म्हणून सगळीकडे सारखाच निर्णय हा तर्क मला पटत नाही. एका गावात आठ मुले उरली, कारण बाकीची गाडीने जातात. तिथे शाळा हलली तर पर्याय असलेल्या घरांचे काही अडत नाही, आणि आठांसाठी वाहन देणे सोपे आहे. दुसरीकडे डोंगरातल्या पाड्यावर एकूण मुलेच आठ आहेत आणि आठही पटावर आहेत. ती शाळा शंभर टक्के यशस्वी आहे. मधे ओढा आहे, जून ते सप्टेंबर तो दुथडी असतो, आणि तिथून सहा वर्षांचे मूल पाच किलोमीटरवरच्या समूह शाळेत रोज जाणार नाही. मुलगी तर नाहीच. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी हा नियम अशाच पाड्यासाठी केला होता. वाहतूक भत्ता देऊ असे सांगितले जाते. पण जिथे जीप जात नाही तिथे भत्त्याने मूल शाळेत पोचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक आकर्षक आहे. शिक्षकांनी मनावर घेतले तर पट वाढतो, मग तक्रार कशाला? खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव २०२५ मध्ये जगभर झाले. बंद पडायला आलेली शाळा पालक आणि शिक्षकांनी मिळून उभी केली. शिरूरच्या वाबळेवाडीत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागत असे. या शाळांचा मला मनापासून अभिमान आहे आणि त्यांच्याकडून आम्ही पुष्कळ शिकलो. पण अशा शाळेचा पट वाढतो तेव्हा मुले येतात कुठून? काही खासगी शाळांतून परततात, आणि ती मोठी कमाई आहे. काही मात्र पंचक्रोशीतल्या दुसऱ्या जिल्हा परिषद शाळांतून येतात, ज्यांच्या बापाकडे दुचाकी आहे आणि सोडायला वेळ आहे अशी. मागच्या शाळेत उरतात ती ज्यांना कोणी सोडणारे नाही ती. एका शाळेच्या वाढलेल्या पटाने तालुक्याच्या एकूण पटात किती भर पडली हे कोणी विचारत नाही. चांगल्या शाळेचे श्रेय तिला जरूर द्यावे; शेजारच्या शाळेचा घटता आकडा तिच्या शिक्षकांच्या आळसाचा पुरावा मानण्याआधी मात्र रजिस्टर उघडून कोण गेले आणि कोण राहिले ते पाहावे.

तिसरे बोलणे आम्हा शिक्षकांना जिव्हारी लागणारे आहे. शिक्षकांची स्वतःची मुले खासगी शाळेत जातात, आणि पटाच्या बाबतीत शाळांनी पूर्वी खोटेपणा केलेला आहे, मग तुमच्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा? पहिली गोष्ट खरी आहे आणि त्यावर माझ्याकडे बचाव नाही. ज्या शाळेवर आपण पगार घेतो तिथे आपले मूल बसवणे हे आपल्या कामावरच्या विश्वासाचे सर्वांत साधे दर्शन आहे, आणि ते करणारे शिक्षकही आहेत. दुसरी गोष्टही इतिहासात नोंदलेली आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, आणि खोटी नावे लाखांनी निघाली. पण तो घोटाळा नुसत्या आकड्याचा होता, हे लक्षात घ्यावे. मोबदला डोक्यांच्या संख्येवर असला की डोकी फुगवली जातात. माझे म्हणणे मानले तर उलट पडताळणी सोपी होते, कारण ऊसतोड कुटुंबाची, दिव्यांग मुलाची, पालावरच्या मुलाची नोंद ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, अंगणवाडी अशा अनेक ठिकाणी ताडून पाहता येते. नाव खोटे घालता येते. घर खोटे घालणे अवघड असते.

मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीच्या गटात २० पेक्षा कमी मुले असतील तर शिक्षकच मंजूर न होण्याची वेळ आणली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांत एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन विरोध केला. कंत्राटी नेमणुकीचा तो निर्णय पुढे मागे घेतला गेला. या सगळ्या वादात दोन्ही बाजूंनी आकडेच बोलत होते. सातवीपर्यंतची शाळा असलेल्या गावात सातवीचा वर्ग बंद झाला तर सर्वांत आधी घरी कोण बसते हे रजिस्टर सांगते. मुलगी. तिच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात काय लिहायचे हा प्रश्न मुख्याध्यापकापुढे असतो.

मागणी मोठी नाही. पहिल्या पिढीत शिकणारे, घरची भाषा वेगळी असलेले, स्थलांतर करणारे आणि विशेष गरजा असलेले मूल संचमान्यतेत एकापेक्षा जास्त धरावे. ऊसपट्ट्यातल्या शाळांचा पट ३० सप्टेंबरबरोबर डिसेंबरातही मोजावा आणि त्या मोसमापुरते शिक्षक मुलांच्या मागोमाग पाठवावेत. आधार नसले तरी मूल समोर बाकावर बसलेले असेल तर ते मोजावे. कोणतीही शाळा बंद करण्याच्या प्रस्तावाला गेल्या दहा वर्षांतल्या प्रवेशांचा आणि शाळा सोडण्याच्या कारणांचा गोषवारा जोडणे सक्तीचे करावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, माहिती कपाटात आहे.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या गावची मराठी शाळा पट नाही म्हणून बंद होणार असे कानावर आले, तर ग्रामसभेत उठून शाळा व्यवस्थापन समितीकडे तो गोषवारा मागा. तुमचे मूल त्या शाळेत नसेल तरीही मागा, कारण ज्यांची मुले तिथे आहेत ते त्या दिवशी बहुधा कामावर गेलेले असतील.